दुसरबीडच्या पोरांनो, वल्ही हातात घ्यायची असतील तर

सिंदखेडराजा-मेहकर रस्त्याच्या कडेने पहाटे पळणारी पोरं दुसरबीडकरांच्या ओळखीची आहेत. कुणी पोलीस भरतीची तयारी करतो, कुणी सैन्याची. त्या घोळक्यात एखादा असा असतोच, की उंची सहा फुटांच्या वर, हात गुडघ्यापर्यंत पोचतात की काय असं वाटावं इतके लांब, मांड्या भरलेल्या, आणि १६०० मीटरच्या धावण्यात मात्र शेवटच्या तिघांत. त्याला सगळे सांगतात, वजन कमी कर. तो जेवण कमी करतो, आणखी थकतो आणि दोन भरत्या हुकल्या की रोजंदारीला लागतो. हा लेख आधी त्याच्यासाठी आहे, मग त्याच्या बहिणीसाठी आणि दोघांच्या आईबापांसाठी.

त्याचं शरीर ज्या खेळाला हवं असतं तो खेळ म्हणजे नौकानयन, ज्याला खेळाडू सरळ रोइंग म्हणतात. राहेरीच्या पुलाखालची खडकपूर्णा उन्हाळ्यात कशी असते हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना दुसरबीडमध्ये बसून रोइंगचा विचार करणं वेडेपणाचं वाटेल. पण महाराष्ट्राचा सगळ्यात नावाजलेला रोअर अशाच कोरड्या मुलखातून आला. त्याची वाट नीट समजून घेतली, तर आपल्याला कुठून सुरुवात करायची हे बरंचसं कळतं.

दत्तू बबन भोकनळ. जन्म १९९१, गाव तळेगाव रोही, तालुका चांदवड, जिल्हा नाशिक. चांदवडचा तो भाग टँकरवर जगणारा. वडील विहिरी खोदायचे, आणि शाळकरी वयातच दत्तूही त्या कामावर जाऊ लागला. पुढे पेट्रोल पंपावरही त्याने काम केलं. वडील गेले, घराचा भार अंगावर आला, आणि २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला तो पगारासाठी. खेळाचं त्याच्या डोक्यातही नव्हतं. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये त्याची उंची पाहून त्याला आधी बास्केटबॉलकडे नेलं गेलं. मग प्रशिक्षक कुदरत अली यांची नजर त्याच्यावर पडली आणि त्यांनी त्याला रोइंगला घेतलं. त्याला पाण्याची भीती वाटायची, हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितलंय.

पुढचा वेग बघा. सुरुवात जवळपास बाविसाव्या वर्षी. २०१५ मध्ये बीजिंगच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत एकेरीत रौप्य. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगजू इथल्या पात्रता स्पर्धेत दुसरा क्रमांक आणि रिओ ऑलिम्पिकचं तिकीट. त्या वर्षी भारताचा रोइंगमधला तो एकटाच खेळाडू. आई त्या काळात गंभीर आजारी होती आणि तिकडे मुलगा ऑलिम्पिकच्या तयारीत होता. रिओत तो एकूण तेरावा आला. वल्ही पहिल्यांदा हातात धरल्यापासून जेमतेम तीन-साडेतीन वर्षांत!

कुस्तीत हे जमत नाही. तिथे मातीत लहानपणीच उतरावं लागतं. बॅडमिंटन, जिम्नॅस्टिक्सचं तर विचारूच नका. रोइंगमध्ये मात्र उशिरा आलेल्याला जागा आहे, कारण या खेळाचा पाया म्हणजे मोठं शरीर, मोठी फुप्फुसं, मजबूत पाय आणि त्रास सोसण्याची तयारी. ते सगळं दुसऱ्या कामातून किंवा खेळातून आधीच तयार झालेलं असू शकतं. ब्रिटनने २००७ मध्ये उंच तरुणांसाठी जाहीर हाक दिली आणि खेळ कुठलाही असो, चाचणीला या म्हणून सांगितलं. त्यातून आलेल्या हेलन ग्लोव्हरने २००८ मध्ये रोइंग सुरू केलं आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक घेतलं. आपल्याकडे २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रोइंगमधलं भारताचं पहिलं सुवर्ण जिंकणारा बजरंगलाल ताखर राजस्थानातल्या सीकर जिल्ह्याचा, आणि तोही सैन्यातलाच. तेव्हा गावात पाणी नाही हे कारण बाजूला ठेवा. गावात असताना जे करता येतं ते केलंय का, हे आधी बघा.

आधी टेप घ्या

शाळेच्या भिंतीला पाठ टेकून अनवाणी उभे राहा आणि उंची मोजा. मग दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर मोजा. मुलगा १८५ सेंटिमीटरच्या पुढे असेल, मुलगी १७३-१७५ च्या पुढे असेल आणि हातांचं माप उंचीपेक्षा जास्त भरत असेल, तर हा विषय गांभीर्याने घ्या. वाढीच्या वयातल्या मुलांनी आईबापांची उंचीही बघावी. हे आकडे म्हणजे नियम नव्हेत. बुटका माणूस ताकदीवर आणि जिद्दीवर बरंच भरून काढतो, पण लांब हातपायांच्या माणसाचा प्रत्येक फटका काही सेंटिमीटर जास्त लांब पडतो, आणि दोन किलोमीटरच्या शर्यतीत असे दोनशेच्या वर फटके असतात.

कमी वजनाच्या खेळाडूंसाठी वेगळा गट असायचा. पुरुषांना ७२.५ किलो आणि महिलांना ५९ किलोची मर्यादा. टोकियोत अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग हे दोघे त्याच गटात अकरावे आले होते, आणि ती भारताची ऑलिम्पिक रोइंगमधली सर्वोत्तम कामगिरी. पण पॅरिसनंतर हा गट ऑलिम्पिकमधून गेला. म्हणून आज नव्याने सुरुवात करणाऱ्या सडपातळ मुलाला मी खोटी आशा दाखवणार नाही. ऑलिम्पिकचं दार आता मोठ्या शरीराच्या माणसासाठीच जास्त उघडं आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये समुद्रकिनाऱ्यावरून पळत जाऊन बोटीत बसायचं, लाटांतून वळसा घालून परत यायचं आणि पुन्हा पळायचं, असा एक नवा प्रकार येतोय. चपळ मुलामुलींनी त्याच्यावर लक्ष ठेवावं.

फटका कसा बसतो

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की रोअर हातांनी ओढतो. दत्तूची बोट म्हणजे सिंगल स्कल, म्हणजे एकट्याची, दोन वल्ह्यांची बोट. लांबी आठ मीटरच्या आसपास, वजन कमीत कमी १४ किलो, आणि रुंदी इतकी कमी की माणूस त्यात जेमतेम मावतो. पाय समोर बुटांत अडकवलेले असतात आणि बसायची जागा रुळांवर मागेपुढे सरकते. खेळाडूची पाठ पुढच्या दिशेला असते, म्हणजे शर्यत संपायची जागा त्याला दिसतच नाही, मागे पडलेले प्रतिस्पर्धी तेवढे दिसतात. गुडघे छातीपाशी आणून तो पुढे झुकतो, वल्ह्यांची पाती पाण्यात टाकतो आणि पायांनी जोरात ढकलतो. पाय सरळ होत आले की पाठ उघडते आणि सगळ्यात शेवटी हात पोटाकडे येतात. सोयाबीनचा कट्टा जमिनीवरून उचलताना जाणता हमाल आधी पायांवर जोर घेतो, हातांची फक्त आकडी करतो. वल्ह्याचा फटका तसाच आहे. जो हातांनी ओढतो तो ५०० मीटरमध्ये संपतो.

वल्ही सोडली की बोट उलटते. ही गोष्ट नवख्याला पहिल्याच दिवशी कळते. दोन्ही वल्ही पाण्यावर पसरलेली असतात तोवर ती तोल सांभाळतात. घाबरून एक जरी हात सुटला तरी माणूस पाण्यात. म्हणून सगळीकडे पहिला नियम एकच, पोहता येत नसेल तर बोटीला हात लावायचा नाही.

शर्यत २००० मीटरची. एकेरीला साधारण सात मिनिटं लागतात. दत्तूने रिओत शेवटची शर्यत ६ मिनिटं ५४.९६ सेकंदांत मारली. पहिल्या मिनिटात सगळेच जोरात सुटतात, तिसऱ्या मिनिटापासून मांड्या पेटतात, आणि पाचव्या मिनिटाला, आता थांबावं, असं शरीर सांगतं. नवख्यांची हमखास चूक म्हणजे पहिले ५०० मीटर गावच्या जत्रेतल्या शर्यतीसारखे मारणे. चारही ५०० मीटरचे वेळ जवळजवळ सारखे ठेवता येणं हीच खरी कमाई आणि ती वर्षानुवर्षांच्या सरावाने येते.

गावात असताना

पोहायला शिका. सगळ्यात आधी, बाकी काहीही करण्याच्या आधी. विहिरीत पाठीला रिकामा डबा नाहीतर ट्यूब बांधून, काठावर चांगला पोहणारा मोठा माणूस आणि हाताशी दोर ठेवून. पायऱ्या असलेली विहीर निवडा. एकट्याने नाही, पैज लावून तर अजिबात नाही. संत चोखामेळा सागराच्या म्हणजे खडकपूर्णा धरणाच्या पाण्यात उतरू नका. धरणातल्या गाळात पाय रुततो आणि काठावर दिसतं त्यापेक्षा पाणी एकदम खोल जातं. लोणारचं सरोवर खारं आहे आणि अभयारण्यात आहे, तिकडे फिरकूच नका. बुलढाणा, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरला नातेवाईक असतील तर उन्हाळ्याच्या सुटीत तिथल्या तलावात महिनाभर रीतसर शिकणं सगळ्यात चांगलं. कपड्यांसकट दोनशे मीटर पोहता येईल आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगता येईल, इथपर्यंत पोचा.

पळणं सोडू नका, पण नुसतं १६०० मीटरचं पळून भागणार नाही. आठवड्यातून दोन-तीनदा चाळीस मिनिटांपासून तासभर सावकाश पळा, इतकं सावकाश की सोबत्याशी बोलता यावं. सायकल असेल तर ती आणखी चांगली, कारण वजनदार पोराच्या गुडघ्यांवर तिचा ताण कमी येतो. एक दिवस चढावर जोराचे फेरे मारा. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे ठेवा. जोर, बैठका, झाडाच्या फांदीवर किंवा शाळेच्या मैदानातल्या दांड्यावर हनुवटी वर आणणं, दोरीवरून चढणं, खांद्यावर ओझं घेऊन पायऱ्या. बैठका शंभर मारता येणं चांगलंच, पण पूर्ण खोल, टाच न उचलता मारलेल्या तीस बैठका जास्त उपयोगाच्या. रोअरच्या पहिल्या स्थितीत घोटा आणि कंबर पुरेशी वाकली नाही तर फटका आखूड पडतो. म्हणून रोज रात्री दहा मिनिटं मांडीचा मागचा भाग, नितंब आणि घोटे ताणा. उकिडवं बसून जेवायची सवय गेलेल्या पोरांना हे विशेष जड जातं.

कंबर जपा. या खेळात सगळ्यात जास्त दुखावते ती पाठीची खालची बाजू, आणि मग बरगड्या. सोयाबीनच्या हंगामात पोती टाकायला जाताना पाठ गोल करून उचललं आणि मणक्याला लचक भरली, तर त्या एका दिवसाच्या मजुरीची किंमत पुढे कितीतरी वर्षं मोजावी लागेल. घरच्यांनीही हे समजून घ्यावं.

खाण्यासाठी शहरात जायची गरज नाही. ज्वारीची भाकरी, तूर-मुगाचं वरण, शेंगदाणे, गूळ, दूध, दही, अंडी, घरी चालत असेल तर मटण-मासे. आपला जिल्हा सोयाबीन पिकवतो आणि आपणच ते खात नाही. भिजवून, उकळून, भाजून घेतलेलं सोयाबीन पिठात मिसळलं तर प्रथिनं घरातच मिळतात. कच्चं मात्र खाऊ नका. मोठ्या चणीच्या मुलाला दिवसभरात तीन नाही तर पाच वेळा खावं लागतं, आणि त्याला उपाशी ठेवून हलकं करायचा नाद सोडावा लागतो.

पावडरीच्या डब्यांबद्दल एकदाच आणि ठामपणे सांगतो. गल्लीतल्या जिममध्ये, मेडिकलमध्ये किंवा मोबाइलवरून मिळणारी कुठलीही पावडर, इंजेक्शन किंवा गोळी घेऊ नका. राष्ट्रीय पातळीवर पोचलात की उत्तेजक चाचणी होते. शरीरात बंदी असलेला पदार्थ सापडला की, मला माहीत नव्हतं, डब्यावर लिहिलं नव्हतं, या सबबींना फारशी किंमत नसते, जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतही असे घटक असतात. डॉक्टरांकडे गेलात की आधी सांगा, मी खेळाडू आहे, आणि चिठ्ठी जपून ठेवा.

कागद

पोरांची संधी ज्या एका गोष्टीमुळे सर्रास हुकते ती म्हणजे कागद. जन्मदाखल्यावर एक तारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. आधारवर आडनाव एका स्पेलिंगने, दहावीच्या गुणपत्रिकेवर वेगळ्या. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, एकीकडे आद्याक्षर. हे सगळं दहावीच्या आधी एकसारखं करून घ्या. ग्रामपंचायतीतून जन्माची नोंद काढा, शाळेत मुख्याध्यापकांना भेटून दुरुस्ती करा, मग आधार. अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असेल तर जातीचा दाखला तहसीलमधून वेळेवर काढा. वय लपवून खालच्या गटात खेळवायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्या नादी लागू नका. सापडलात की आधीची पदकंही जातात आणि नावही. राज्य संघात यायची शक्यता दिसू लागली की पासपोर्ट काढून ठेवा. परदेशातल्या स्पर्धेसाठी निवड झाल्यावर धावपळ करायला महिनाही मिळत नाही.

शाळा-कॉलेजच्या वर्षांत कुठल्याही खेळात मिळवलेली प्रमाणपत्रं मूळ आणि दोन झेरॉक्स अशी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी करावी लागते. स्पर्धा कोणत्या संघटनेची होती, तिला मान्यता होती का, किती जिल्हे किंवा राज्ये आली होती, हे तिथे विचारलं जातं. म्हणून पैसे भरून 'राष्ट्रीय' पदक देणाऱ्या स्पर्धांपासून लांब राहा. शंका आली तर बुलढाण्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. ते कार्यालय त्यासाठीच आहे.

दारं कुठे आहेत

सगळ्यात मोठं दार आजही सैन्याचंच आहे. पुण्यात दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनीअरिंगच्या आवारात सैन्याचं रोइंग केंद्र आहे, आर्मी रोइंग नोड. दत्तू तिथे घडला, आणि पॅरिस ऑलिम्पिकला गेलेला हरियाणाचा बलराज पनवारही तिथलाच. बाहेरून थेट दार ठोठावून तिथे प्रवेश मिळत नाही. आधी सैन्यात जावं लागतं. पण दत्तूच्या वेळची भरती आणि आजची यांत मोठा फरक पडलाय, हे लक्षात घ्या. २०२२ पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांची भरती होते आणि त्यातले ठरावीकच पुढे कायम होतात. म्हणजे हाती वेळ कमी आहे. अशा वेळी तुम्ही पोहणं, ताकद आणि दम घेऊनच आत गेलात, तर रेजिमेंटमध्ये खेळाडू निवडताना पहिल्याच फेरीत नजरेत भराल. प्रशिक्षणकाळात वरिष्ठांना अदबीने सांगायलाही हरकत नाही, की साहेब, माझी उंची इतकी आहे, मला रोइंगची चाचणी द्यायची आहे. भरतीचं धावणं तुम्हाला पास करावंच लागेल, त्यातून सुटका नाही. पण वजन तोडून नाही, दम वाढवून.

लहान मुलांसाठी बॉईज स्पोर्ट्स कंपनी ही सैन्य आणि भारतीय क्रीडा प्राधिकरणाची योजना आहे. साधारण ८ ते १४ वयाच्या मुलांना निवडून राहणं, जेवण, शाळा आणि खेळ असं सगळं दिलं जातं. कोणत्या कंपनीत कोणता खेळ आहे आणि चाचणी कधी, हे जाहिरातीत येतं. सहावी-सातवीतला पोरगा बापाच्या खांद्याला लागलेला दिसला तर शिक्षकांनी त्या जाहिरातीकडे लक्ष ठेवावं. आपल्या भागातल्या जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांना माझी ही हात जोडून विनंती आहे.

अभ्यासात चांगलं असणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे, जिचा गावाकडे कुणी विचार करत नाही. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठाचा संगमाजवळ स्वतःचा बोट क्लब आहे, विद्यार्थी तो चालवतात आणि त्यांचा रेगाटा पुण्यात प्रसिद्ध आहे. सीईटीत चांगले गुण आणून तिथे गेलात तर शिक्षण आणि वल्ही दोन्ही हाताला लागतात. विद्यापीठांच्या स्पर्धांतून वर जाता येतं. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतही रोइंग घेतलं गेलं आहे. नाशिकला गोदावरीवर वॉटर्स एज बोट क्लबमध्ये मुलं-मुली सराव करतात. नाशिकला ओळखीचं घर असेल, तर सुटीत तिथे जाऊन निदान एकदा हा खेळ डोळ्यांनी पाहून या.

पाण्याविना करता येणारा एक प्रकारही आहे, इनडोअर रोइंग. जमिनीवर ठेवलेलं यंत्र, त्यात हवेच्या पात्यांचं चाक, साखळी आणि सरकती बैठक. तुम्ही किती जोर लावता हे पडद्यावर दिसतं. याच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात, आणि पाण्यावरच्या निवडीतही या यंत्रावरचा २००० मीटरचा वेळ पाहिला जातो. जगातले मोठ्या वजनाचे अव्वल पुरुष सहा मिनिटांच्या आत येतात. तुम्ही पहिल्यांदा बसाल तेव्हा साडेसात-आठ मिनिटं लागली तर घाबरू नका. तालुक्यातल्या किंवा जालन्याच्या एखाद्या जिममध्ये असं यंत्र असेल, तर महिन्याची फी भरून वहीत वेळ लिहीत जा. सहा महिन्यांत वेळ किती खाली आला, यावर प्रशिक्षकाला तुमच्याबद्दल बरंच काही कळतं. रेसिंगची बोट विकत घ्यायच्या फंदात कुणी पडू नये. ती काही लाखांना मिळते आणि ती ठेवायला पाणी, शेड आणि सुरक्षेची बोट लागते. पाच-दहा गावांनी मिळून एक यंत्र शाळेत आणलं, तर ती जास्त शहाणपणाची गुंतवणूक ठरेल.

वरची पायरी, पैसा आणि आजारपण

एकदा पाण्यावर उतरलात की शिडी अशी चढत जाते. आधी सेनादलाची किंवा राज्याची निवड, मग राष्ट्रीय अजिंक्यपद, तिथून राष्ट्रीय शिबिर, मग आशियाई अजिंक्यपद, आशियाई क्रीडा स्पर्धा, विश्वचषक आणि ऑलिम्पिकची पात्रता स्पर्धा. शिबिरात दिवसाला दोन-तीन सत्रं असतात. पहाटे, वारा सुटायच्या आधी, पंधरा-वीस किलोमीटर बोट मारायची, दुपारी वजनं किंवा यंत्र, संध्याकाळी पुन्हा पाणी. तळहातांची कातडी महिनाभरात सोलवटते, मग घट्ट होते. कोमट पाण्याने धुऊन कोरडे ठेवा, फोड उगाच फोडू नका.

पैशाचं स्पष्ट बोलू. या खेळात आयपीएल नाही, जाहिराती नाहीत. नोकरी हाच आधार, मग ती सैन्याची असो, पोलिसांची किंवा दुसऱ्या सरकारी खात्याची. खेलो इंडियात निवड झाली तर महिन्याला १०,००० रुपये भत्ता मिळतो. ऑलिम्पिकच्या टॉप्स योजनेच्या मुख्य गटात आलात तर ५०,०००. पण त्या गटात देशातून बोटांवर मोजण्याइतके रोअर असतात. म्हणून बारावी आणि पदवी सोडू नका, बाहेरून का होईना पूर्ण करा. खेळ संपल्यावर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम करता येतो, आणि त्यालाही शिक्षण लागतं.

२०१८ ची जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धा इथे सांगायलाच हवी. दत्तू एकेरीच्या अंतिम शर्यतीत शेवटचा आला. अंगात ताप होता. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या बोटीत बसून त्याने ६ मिनिटं १७.१३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. पुढे त्या एकेरीच्या शर्यतीवरून महासंघाने २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली, आणि जानेवारी २०२० मध्ये ती उठवली. त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. सोन्यापासून बंदीपर्यंत आणि पुन्हा सन्मानापर्यंत, दोनच वर्षांत. कोण बरोबर, कोण चूक, हे इथे मांडायचं नाही. तुमच्यासाठी त्यातून घ्यायचं एवढंच, की ताप आला, पाठ धरली, छातीत दुखलं, तर शर्यतीच्या आधी संघाच्या डॉक्टरांना सांगा आणि त्याची नोंद कागदावर होऊ द्या. आपल्याकडच्या पोरांना दुखणं लपवण्यात पुरुषार्थ वाटतो. रोइंगमध्ये त्याचा भुर्दंड बोटीतल्या सगळ्यांना बसतो, कारण चौघांच्या बोटीत एकाचा फटका अर्ध्या सेकंदाने जरी चुकला तरी बाकीच्या तिघांची मेहनत पाण्यात जाते.

मुलींसाठी, आणि घरच्यांसाठी

२०१० च्या ग्वांगझू स्पर्धेत प्रतिमा पुहाना आणि प्रमिला प्रवा मिंझ या ओडिशाच्या दोघींनी दुहेरीत कांस्यपदक मिळवलं. महिलांसाठी सैन्याचं दार अजून अरुंद आहे, त्यामुळे भारतीय क्रीडा प्राधिकरणाची केंद्रं, विद्यापीठं आणि पोलीस दल या वाटांवर जास्त भर द्यावा लागेल. आपल्याकडे उंच मुलीला पाठ वाकवून चालायला शिकवलं जातं, मुलगा कुठून शोधायचा म्हणून. ही मुलगी देशाला हवी असू शकते. जिजाऊंच्या सिंदखेडराजापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आईबापांना याहून वेगळं सांगायला नको.

आईबापांनो, पोराने पुण्याला किंवा नाशिकला जायचं म्हटलं तर पहिली दोन वर्षं पदकाची चौकशी करू नका. जेवण नीट मिळतं का, कुणी मारतं का, पैसे मागतं का, पोहणं कसं चाललंय, अभ्यास सुटला नाही ना, एवढंच विचारा. कर्ज काढून, शेत विकून खेळ शिकवू नका. या खेळात चांगला पोरगा दिसला तर संस्था त्याचा खर्च उचलते. निवड करून देतो म्हणून रोख मागणाऱ्या माणसाला उंबऱ्यावरूनच परत पाठवा.

आणि पोरांनो, चाचणीला जाताना आदल्या रात्रीच्या एसटीने उभ्याने प्रवास करू नका. एक दिवस आधी पोचा, झोप काढा. सोबत मूळ कागद आणि झेरॉक्स, सहा फोटो, पोहण्याचे कपडे, दोन जोड्या मोजे, पाण्याची बाटली, घरचे दाण्याचे लाडू आणि तुमची वेळेची वही. प्रशिक्षक विचारतील, आधी काय केलंस. विहीर खोदली असेल, ऊस तोडला असेल, कट्टे उचलले असतील, तर तसंच सांगा.